उसवलेला फ्रॉक

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. चौथीत असताना मावशीच्या लग्नासाठी आईनं मला खोपोलीच्या बाजारातून रेडीमेड फ्रॉक घेतला, पिवळा, बिनबाह्यांचा. आमचे वर्षाचे सगळे कपडे ती घरीच शिवायची, त्यामुळे दुकानातला फ्रॉक अख्ख्या आळीत माझा एकटीचाच, असं मी आठवडाभर सांगत फिरले. मग एका दुपारी शाळेतून येऊन बघते तर आईनं फ्रॉकची शिवण न् शिवण उसवलेली, तुकडे पेपरावर मांडलेले आणि पेन्सिलीनं कडा गिरवणं चालू. "अगं आई, माझा फ्रॉक!" ओठांतल्या टाचण्या न काढता ती म्हणाली, "बोंबलू नको गं, कटिंग घेते. परत शिवते ना. बाह्या पण लावते, दंड उघडे टाकून लग्नात जायाचं नाय." मी तसेच ओठ दाबून तिची नक्कल केली, तर पाठीत धपाटा. लग्नात आळीतल्या सहा पोरी आईनं शिवलेल्या तशाच पिवळ्या फ्रॉकात, बाह्यांसकट, माझ्याशेजारी उभ्या. वरपक्षाची एक बाई आईला विचारते, "या पोरी बँडवाल्यांच्या काय गं?" आई हे अजून हसत सांगते. मी तिला अजून माफ केलेलं नाही.