कारण विचारणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका पोलिसांना छळणारा सज्जन माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा झाला नसेल. कायदा खात्यातून निवृत्त होऊन ते फरीदाबादला राहिले, पण त्यांच्यातला कायदा काही निवृत्त झाला नाही. मॉलच्या दारात रखवालदार खिसे चाचपायला आला की मामा अदबीनं विचारत, "भाईसाहब, किस कानून में?" मागे रांग वाढे आणि मामी आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं पुढे निघून जात. दहशतवादविरोधी कायद्यावर तर ते भर जेवणात बोलत. "कायदा कडक असू दे हो जावईबापू, पण माणसाला का धरलं, ते त्याला सांगायला नको?" असं म्हणेपर्यंत आमची आमटी गार झालेली असे.

एकदा पंधरा ऑगस्टच्या तोंडावर मी पुण्याहून परतत होतो. दिल्लीला निघालेला मराठी माणूस म्हणजे सगळ्यांचा हक्काचा हमाल. कुणाच्या तरी मावशीनं गाडी सुटता सुटता माझ्या हातात एक शिवलेलं पार्सल कोंबलं. नवी दिल्ली स्टेशनवर तपासणीत ते टिकटिकू लागलं. आत गजराचं घड्याळ आणि पिशवीभर काळी पूड! "किसका है?" "पता नहीं साहब, किसी ने दिया है." याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. काळा मसाला हुंगून इन्स्पेक्टर शिंकले, तरी मला ठाण्यातल्या बाकावर बसवलंच. शेजारी एक वायरमन होता, पिशवीतल्या तारांपायी धरलेला. "बडा कानून लगा तो जमानत भूल जाओ," असं शिपाई सांगून गेला, तसा मी घाईघाईनं मामांना फोन लावला.

ओळखीच्या सचिवांना फोन करा, असं मामी घरी विनवत असताना मामा तडक ठाण्यात आले. "गिरफ्तार किया है तो वजह बताइए, वकील से मिलने दीजिए. नहीं किया, तो ये घर जाएँगे."

"देश की सुरक्षा का मामला है, अंकल."

"जी, बिल्कुल. संविधान भी इसी देश का है."

इन्स्पेक्टरांनी एकदा मसाल्याकडे, एकदा मामांकडे पाहिलं. "ले जाइए," ते म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की पार्सल तिथंच टाकून मी दाराकडे धावलो. मामा मात्र वायरमनकडे वळले. "और इनकी वजह?" मी त्यांची बाही ओढली, तर ते चक्क माझ्याच जागी बाकावर बसले! अखेर त्याच्या ठेकेदाराला बोलावून चौकशी झाली आणि वायरमनही सुटला.

टॅक्सीत मी विचारलं, "मामा, सचिवांना एक फोन केला असता तर?"

"ज्याची ओळख नाही, त्यानं कुणाला फोन करायचा हो?" मग हळूच म्हणाले, "जावईबापू, मला फार भीती वाटत होती."

मामा आता नाहीत. त्या दिवशी फरीदाबाद येईपर्यंत त्यांचा हात मी हातात धरून बसलो होतो.