चार ढिले खिळे

जळगावच्या आमच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरणारा माणूस प्रत्येक खिळा ठोकला की त्यावर अनवाणी टाच दाबून बघायचा. मॅट सैल राहिली तर फिरकी कशीही वळते, उसळते, फलंदाजाला काही कळत नाही, असं बजावायचा.

धुळ्याच्या संघाशी सामना होता तेव्हा कप्तान मी होतो. मॅट अंथरणारा नको म्हणत असताना मी चार खिळे ढिले ठेवायला लावले. आमच्या स्पिनरचा चेंडू उसळून त्यांच्या एका फलंदाजाच्या तोंडावर बसला. पंचांनी मॅट उचलून विचारलं, हे कोणी केलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"मन्हा हातनी चूक व्हयनी," मॅट अंथरणारा म्हणाला.

पुढे दर रविवारी तो स्वतः टाच न दाबता मलाच बोलवायचा, "देखी ल्या, भाऊ." मी बूट काढून दाबायचो. मॅट कधीच सैल नसायची.