पाठीवर रुतलेला सम्राट

छापखान्यात अडतीस वर्षं मशीन चालवून घरी बसलेल्या मामांना देवानं एकच खूळ दिलं, पण ते देताना हात आखडला नाही. जुनी रोमन नाणी, तीही चांदीचीच. नखाएवढ्या त्या चकत्यांपायी त्यांनी मामींचं शिवणाचं टेबलसुद्धा बळकावलं होतं.

नवं नाणं येऊन आज आठवा दिवस. परत करायची मुदत आज संपत होती. नाण्याच्या एका बाजूला सम्राटाचा चेहरा झकास उठलेला. दुसरीकडे देवी असायला हवी, तर तिथं तोच चेहरा, उलटा आणि आत खचलेला.

"मामा, तुम्हाला शेंडी लावली," कॉलेजात इतिहास शिकवणारा जावई म्हणाला. "दोन्हीकडे एकच राजा? खोटं आहे हो. बांधा पार्सल, जाताना टाकतो मी."

जावयाचा शब्द म्हणजे घरात शेवटचा. मामींनी खोकं आणून ठेवलं. मामांचं तोंड एवढंसं झालं. जीव जडला होता त्यांचा त्या नाण्यावर. शेवटचं म्हणून त्यांनी भिंगाखाली धरलं, आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"अहो, हा तर कागद घालायचा राहिलाय!"

"कागद? दोन हजार वर्षांपूर्वी?" मामी म्हणाल्या.

"मशीनमध्ये एखादा कागद घालायचा राहिला, की शाई कागद दाबणाऱ्या सिलिंडरवरच बसते अन् पुढच्या कागदाच्या पाठीवर उलटी उमटते. शाळेचे दाखले असे छापून मालकाच्या शिव्या खाल्ल्यात मी! नाण्याचंही तसंच: खाली राजाचा ठसा, वर देवीचा, मधे चकती. इथं आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं. गड्यानं न बघताच नवी चकती ठेवली, हाणला हातोडा. चिकटलेल्या नाण्याचा चेहरा हिच्या पाठीत रुतला. कानामागं बघा, जावईबापू, ठशाला तडा गेलाय."

जावयानं भिंग घेतलं. तड्याची रेघ समोर उठलेली, मागं तशीच रुतलेली. दोन्हीकडे ठसा एकच, म्हणजे मामांचं खरं. त्यानं भिंग हळूच खाली ठेवलं.

"मामा," तो म्हणाला, "वर्गात दाखवायला देता?"

"मुळीच नाही! तुम्ही तर पार्सल करायला निघाला होतात."

"भांडण पुरे, जेवायला उठा," म्हणत मामींनी खोकं उचलून नेलं.

जावई उठला, मामा मात्र बसूनच. त्या गड्याला मुकादमानं किती झापलं असेल, याची त्यांना काळजी लागली होती.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," ते नाण्याकडे बघत पुटपुटले. "होतं असं घाईत."