साधं बुकिंग

मी कुंभकोणमात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी जावात प्रोग्राम लिहायचे. तिथले साहेब माझं तंजावरी मराठी ऐकून चिडवायचे, "बाई, थेट पेशवाईतून बोलताय!" मी म्हणायचे, पेशवाईच्याही आधीचं आहे हो.

काम विधींच्या बुकिंगचं. वेबसाइटकडून जेसन, म्हणजे भरलेल्या फॉर्मचा मजकूर, यायचं, त्यात एक 'प्रकार' असायचा: अभिषेक, अन्नदान, असं. तो वाचून जावानं त्या त्या सबक्लासचं ऑब्जेक्ट, म्हणजे त्या विधीच्या खास रकान्यांसकट नोंद, बनवायचं. मूळ क्लासात, म्हणजे साध्या बुकिंगात, फक्त नाव, फोन, तारीख. आणि प्रकार ओळखू आला नाही तर? साधं बुकिंग समजायचं, जास्तीचे रकाने सोडून द्यायचे. कोडमधली ही ओळ माझीच. सिस्टीम कधी अडत नाही म्हणून मिरवलेसुद्धा!

मग वेबसाइटवाल्यांनी 'श्राद्ध' सुरू केलं आणि आम्हाला कळवलंच नाही.

आडुतुरैचे एक निवृत्त मास्तर, आमच्यातलेच, बायकोच्या वर्षश्राद्धाला नदीच्या घाटावर गेले. आमच्या सिस्टीममधून भटजींकडे गेलेल्या यादीत मास्तरांचं नाव होतं, विधी कुठला ते नव्हतं. तयारी काहीच नाही. तिथी गेली. कंपनीचं इथलं माणूस मी एकटी, म्हणून दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. मी त्यांना लॅपटॉपवर आलेलं जेसन दाखवलं. त्यात बायकोचं नाव, गोत्र, तिथी, सगळं होतं. शेजारी आमचं ऑब्जेक्ट: फक्त मास्तरांचं नाव, फोन, तारीख.

"माझं नाव घेतलंत, पोरी," ते म्हणाले. "तिचं का गाळलंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी मी श्राद्धाचा सबक्लास जोडला आणि ती ओळ उडवली. आता अनोळखी प्रकार आला की नोंद तिथेच अडणार, बोंब मारणार. आणि मारली की! आणखी दोन प्रकार आम्ही महिनोन्‌महिने गुपचूप गिळत होतो.

साहेबांचा फोन आला. "एररनी लॉग लाल झालाय, क्लायंट ओरडतोय. जुनं परत टाका."

"नाही टाकत."

"एका म्हाताऱ्यासाठी एवढं?"

"हो, एका म्हाताऱ्यासाठी. आणि त्या प्रत्येक लाल ओळीत एकेक माणूस आहे, साहेब."

"शुक्रवारपर्यंत टाका, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल."

"जाऊ दे. माझ्या हातानं ती ओळ परत जाणार नाही."

घरचे म्हणाले, हट्टीपणा नडणार तुला. नडू दे! मी अडलेल्या नोंदी काढून एकेकाला फोन लावत सुटले. गुरुवारी तिरुप्पनंदाळच्या एका बाई फोनवर आल्या. त्यांच्या प्रकाराचं नाव 'मासिक', म्हणजे पहिल्या वर्षी दर महिन्याला करायचं श्राद्ध. त्यांच्या गेलेल्या मुलाचं होतं, दुसऱ्याच दिवशी. मी भटजींकडे स्वतः गेले, सगळं कागदावर लिहून दिलं, त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

शुक्रवारी माझं काम काढून घेतलं. त्याच सकाळी घाटावर भटजींनी त्या मुलाचं नाव घेतलं, गोत्रासकट, आणि त्याची आई समोर बसली होती.