मामू बायस लावतात तेव्हा

गफूरमामूंच्या दुकानाला खेटून माझं शिलाईचं दुकान. मधी नुसती पत्र्याची भिंत! मी इकडं काज-बटणं करते आणि तिकडचे किस्से चिंध्यांवानी आपोआप गोळा होतात.

मामू परभणीत जुने, व्हॉल्वचे, म्हणजे काचेच्या दिव्यावानी तापणाऱ्या नळ्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यातलं लय नाजूक काम म्हणजे बायस लावणं. व्हॉल्वमधून करंट किती जाऊ द्यायचा, ते ठरवायचं. कमी पडला की आवाज फाटतो, जास्त झाला की व्हॉल्व लालबुंद होऊन खलास!

*

बायस लावताना मामूंचा डावा हात कायम खिशात. दोन्ही हात आत लागले तर शॉक थेट छातीतून जातो. एका गिऱ्हाइकाला हे काय ठाऊक! त्यानं विचारलं, "मामू, खिशात काय जपायलात एवढं?"

"जान!"

*

जिंतूरचे एक गुरुजी लय घाईत. "मामू, माझी एस्टी जायलीय, लवकर लावा की!"

मामूंनी ॲम्प्लिफायर चालू केला आणि चहा सांगितला. "व्हॉल्व तापल्याबिगर मीटर खरं बोलत न्हाई."

चहा झाला, बायस लागलं, एस्टी गेली. मामूंनी गाणं लावलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत बसले आणि दुसरी एस्टीबी गेली!

*

मामूंचे दोस्त मारोतराव, झरीचे. शेतीची थ्री फेज लाईन आली की विहिरीवरची मोटार चालू झालीच पायजे! पोरीच्या साखरपुड्यात मधीच उठले.

व्याही घाबरले. "अहो, काय चुकलं का आमचं?"

"न्हाई न्हाई, लाईन आली!"

*

मागच्या साली मामूंनी झरीच्या भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरचं बायस तिथंच देवळात, दुपारी लावलं. शिवारात मोटारी चालू, म्हणून व्होल्टेज खाली. संध्याकाळी मोटारी थांबल्या, व्होल्टेज चढलं आणि ऐन भजनात व्हॉल्व जळाले. मामूंना कितीतरी दिवस जेवण गोड लागलं न्हाई.

यंदा त्यांच्याकडं तसल्या व्हॉल्वची शेवटची जोडी उरली होती. ही गेली की मशीन कायमचं मुकं! भजन ऐकायला म्हणून मीबी सोबत झरीला गेले. देवळात मामू चाचरत म्हणाले, "संध्याकाळचं व्होल्टेज मला आत्ता पायजे. मोटारी थांबल्या की लगेच भजन सुरू, मग बायस लावायला वेळ कुठला!"

म्हणजे गव्हाला पाणी चालू असताना सगळ्या मोटारी बंद करा! मला वाटलं, आता मामूंना गावाबाहेर काढतात.

मंडळाच्या बुवांनी फोन लावायला सुरुवात केली. एकेक मोटार थांबली, तशी मीटरची सुई चढली. पण अजून जराशी दबलेलीच. सगळ्यांनी मारोतरावांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघायलात? माझी सगळ्यात आधी बंद केली!"

बुवांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, माझीच राहिली!" आणि धोतर सावरत पळाले.

सुई आणखी चढली आणि जागेवर येऊन थांबली. सगळं शिवार गप्प. गावाचं पाणी आपल्यापायी अडलंय म्हणून मामूंनी झटकन मशीन चालू केलं. घाईघाईनं त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "बस, आत्ता करतो, आत्ता..."

मारोतरावांनी तो हातातून काढून घेतला आणि चहाचा कप दिला. "आधी व्हॉल्व तापू द्या, मामू. गहू कुठं पळून जायलाय!"