पाचशेच्या आत

धुकं उतरलं होतं आणि लोखंडाला हात लावला की बोटं चिकटतील अशी थंडी होती. काटेमास्तर सकाळी सातलाच शटर वर करून बसले होते. पुढ्यात धान्यवाल्याचा मोठा काटा पालथा पडलेला. सांध्यांत पीठ आणि गंज मिळून घट्ट लुकण झालेलं. ते रॉकेलच्या फडक्याने सोडवायचं, तोलून बघायचं, पुन्हा सोडवायचं. सव्वीस वर्षं हेच काम, वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानदार काटा मारतो का, हे मास्तरांना त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, असं गल्ली म्हणते. मास्तरही कधी नाही म्हणत नाहीत.

दुकानामागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये मास्तरांची गाडी. बुटकी, दोघांपुरती, बिनछताची. चौकोनी नळ्यांचा सांगाडा त्यांनी स्वतः जोडलेला, वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा स्वतः ठोकलेला. चार वर्षं चाललं होतं. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढायची, मग गाडीवर. सीटच्या पाठीवर खडूने लिहिलेलं : चार किलो शंभर. दारावर काही लिहिलेलं नव्हतं, कारण दारच नव्हतं. "टांग टाकून बसायचं," मास्तर म्हणायचे, "दार म्हणजे बावीस किलो आळस."

हे सगळं एका पैजेपायी. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, अपघातातल्या गाड्या मोडीत काढण्याचा धंदा करतात. त्यांच्याकडे जेवताना मास्तर बोलून गेले होते, "मी गाडी बनवीन. पेट्रोलसकट, चालती, पाचशे किलोच्या आत." दाजींना हसताना ठसका लागला, पाठीवर थापा माराव्या लागल्या. तेव्हापासून पाचशेचा आकडा गल्लीभर झाला. भाजीवालीसुद्धा कोथिंबीर बांधताना विचारायची, "मास्तर, कुठवर आलं?"

"तीनशे चाळीस. इंजिन सोडून."

आता इंजिनच तेवढं राहिलं होतं. शेडमध्ये दोन शेजारी शेजारी ठेवलेली. एक दाजींनी पाठवलेलं, एका बड्या गाडीचं, सहा सिलिंडरचं धूड. दुसरं घरचंच. मास्तरांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. अकरा वर्षं तिने ज्या लहानग्या गाडीतून ड्युटी केली, तिचा पत्रा सडून गेला, पण इंजिन एक दिवस रुसलं नव्हतं. ते हे.

मास्तरांचा जीव मोठ्यावर जडला होता. रोज जाता-येता त्याला पुसायचे, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचे. ते त्यांनी साखळीने काट्याला टांगून तोललं : एकशे अठ्ठेचाळीस. बेरीज चारशे अठ्ठ्याऐंशी. भिंतीवर खडूने आकडा लिहून त्याभोवती गोलही काढला.

त्या सकाळी नर्सबाई चहा घेऊन शेडमध्ये आल्या आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"अहो, जरा इकडे या. हे कशासकट तोललंत?"

"कशासकट म्हणजे? इंजिन तोललं."

"उघडंच?"

मास्तर फडक्याने हात पुसू लागले.

"आमच्या वॉर्डात बाळं उघडी तोलतात, ते ठीक. हे काय उघडं पळणार आहे? ते कोपऱ्यात पडलंय तो गिअरबॉक्स ना? आणि ते जड चाक?"

"फ्लायव्हील."

"मग ते काय मी कडेवर घेऊन बसू?"

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी एकेक वस्तू टांगली. गिअरबॉक्स, फ्लायव्हील, स्टार्टर, तेलाचा डबा, पाणी. दोनशे एक्कावन्न. म्हणजे गाडी पाचशे एक्क्याण्णव! मग लहान इंजिन घेतलं, गिअरबॉक्स आणि सगळा लवाजमा लावून. एकशे अठ्ठावीस. म्हणजे गाडी चारशे अडुसष्ट.

भिंतीवरचा गोल त्यांनी बाहीने पुसला. "सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे काटे पकडले," ते म्हणाले, "आणि मीच मला काटा मारला."

"कळलं ना? मग चहा प्या, निवतोय."

दाजींना कळलं तेव्हा ते तरातरा आले. "लेका, वाघासारखं इंजिन दिलं, आणि तू शिवणयंत्र बसवणार?"

"दाजी, लहान गाडीत हे पुढे आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या कुशीला. ते जसंच्या तसं उचलायचं आणि सीटच्या मागे ठेवायचं. पुढची चाकं ओढायचं, आता मागची ढकलेल. मधला लांब दांडा नको, त्याचं वजनही नको."

"आणि पळणार कोण, तू?"

"त्या दिवशी जेवताना हसलात तेवढं पुरे. पुढचं हसू राखून ठेवा."

दोन महिने गेले. इंजिन धरायच्या पकडी, सायलेन्सर, वायरी, पेट्रोल, सगळं काट्यावरून गेलं. एका रविवारी दुपारी मास्तरांनी दुरुस्तीला आलेले चार काटे प्रमाण वजनांनी तपासून गल्लीत मांडले आणि प्रत्येक चाकाखाली एक सरकवला. गल्ली गोळा झाली. भाजीवालीने आकडे वाचले, दाजींनी बेरीज केली.

"पाचशे तीन!" दाजी ओरडले.

कुणीतरी च्‌ च्‌ केलं. नर्सबाईंनी पदर खोचला. मास्तरांनी गाडीकडे पाहिलंच नाही. भाजीवालीला म्हणाले, "मागचे दोन पुन्हा वाच."

"उजवा एकशे चाळीस. डावा एकशे बावन्न."

"बॅटरी सरकवून मागची दोन्ही चाकं मी परवाच सारखी केलीत." मास्तरांनी मानही वळवली नाही. "दाजी, डाव्या काट्यावरचा पाय काढा. बारा किलोचा आहे."

दाजींनी चप्पल मागे घेतली. काटा थरथरला आणि एकशे चाळीसवर उभा राहिला. चारशे एक्क्याण्णव! गल्ली अशी हसली की दाजीही स्वतःला आवरू शकले नाहीत. त्यांनी मास्तरांच्या पाठीत धपाटा घातला. "माझाच पाय तोललास रे!" मग सगळ्यांकडे वळून, जणू पैज त्यांनीच जिंकली असावी अशा थाटात म्हणाले, "आमचा मेहुणा आहे!"

नर्सबाई टांग टाकून बसल्या. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. अकरा वर्षं ड्युटीच्या वेळी ऐकलेला तोच आवाज, पण गाडी अशी उसळली की भाजीवालीच्या टोपलीतली पालकाची पानं उडाली. कोपऱ्यावरून वळून नर्सबाई परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले, आणि तोंडावरचं हसू त्यांना मिटवता येत नव्हतं.

"आता मी," म्हणून दाजी धावले. मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. छाती जरा पुढे आली होती.

"मास्तर, माझा काटा?" मागून धान्यवाला म्हणाला. "पुन्हा अडकायला नको."

"पीठ झटकत नाहीस तू," मास्तर म्हणाले. चाकाखालून काढलेल्या त्याच्या काट्यावरची टायरची माती पुसून त्यांनी तो पालथा घातला आणि रॉकेलचं फडकं शोधू लागले.