बाबांचं नाक आणि पिवळा दिवा

आमच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा फक्त नागपूरच्या रस्त्यावर लागायचा. भिलाईत महिनाभर फिरवा, गप्प. नागपूरला निघालो, राजनांदगाव मागे पडलं, की लागलाच. जणू गाडीलाही आमच्या नातेवाइकांकडे जायचं नव्हतं. तिचं काही चुकत होतं असंही नाही म्हणा.

मी बँकेतला माणूस, पण यूट्यूब पाहून इंजिनिअर झालेला. बोटभर यंत्र मागवलं, स्टिअरिंगखाली खुपसलं, मोबाईलवर कोड वाचला. पेट्रोलच्या वाफेची लाईन खराब. म्हणजे टाकीतली वाफ हवेत न उडता इंजिनात जाऊन जळावी यासाठी जी नळ्यांची भानगड असते, तिच्यात कुठेतरी गडबड. मी टाकीचं झाकण बदललं, दिवा विझवला. पुढच्या नागपूरला परत हजर. मग एक नळी बदलली. परत हजर. घरात माझी इज्जत तशीही फार नव्हती, होती ती पण गेली.

बाबा मागच्या सीटवरून एकच सांगायचे, "पेट्रोलचा वास येऊन राहिला. मागून, उजव्या अंगानं."

आता बाबांच्या नाकाबद्दल सांगायला हवं. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, म्हणजे कोक ओव्हनला, त्यांची अख्खी नोकरी गॅसची गळती शोधण्यात गेली. हातात मशीन असायचं, पण मशीन बोलायच्या आधी बाबांचं नाक बोलायचं आणि माणसं बाजूला व्हायची. रिटायर झाल्यावर त्या नाकाची ड्यूटी आमच्या स्वयंपाकघरात लागली. रोज संध्याकाळी चहा झाला की वाकून सिलिंडर हुंगायचे आणि "ओके" म्हणायचे.

आई म्हणायची, "अहो, सोडा त्या सिलिंडरले. त्याले आता लाज वाटत असन."

पण मागच्या वर्षी मोठा ताप येऊन गेला आणि त्यानंतर बाबांना फोडणीचा वासही धड येईना. ते बोलले नाहीत, आईनं ओळखलं. म्हणून चौथ्यांदा दिवा लागला आणि बाबा परत "वास, वास" करायला लागले, तेव्हा माझं डोकं सटकलं. नागपूरला आत्याच्या भरल्या घरात, सगळ्यांदेखत मी म्हणालो, "बाबा, तुमचं नाक गेलं आता. कावून डोकं खाऊन राहिले?"

सगळे हसले. बाबाही हसले. पण भिलाईला आल्यापासून त्यांनी सिलिंडर हुंगणं सोडलं. चहा पिऊन नुसते बाहेर खुर्चीत बसायचे.

दोन दिवसांनी आईनं मला ओट्यापाशी गाठलं. "गधडा आहेस तू. त्यायच्यापाशी तेवढंच तर होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, त्याऐवजी काहीतरी दुरुस्त करायचं असतं. रविवारी बाबांना घेऊन जुनवानीच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याला म्हणालो, "कोड छोडो, ये जहाँ बोलते हैं वहाँ देखो."

"माह्या नाकाचं काय घेऊन बसला बे," बाबा म्हणाले. शेवटी वाकले, उजव्या मागच्या चाकाजवळ बोट दाखवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इथं. बहुतेक."

या माणसाच्या तोंडून 'बहुतेक' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. फार वाईट वाटलं.

मेकॅनिकनं गाडी उचलली आणि नेमका तिथूनच टिफिनएवढा एक काळा डबा काढला. त्यात कोळसा असतो, टाकीची वाफ शोषून धरणारा. तो कोरडा हवा. आमच्या डब्यातून पेट्रोल टपटप गळलं. कोक ओव्हनला जन्म घालवलेल्या माणसाच्या गाडीत बिघडावा तोही कोळसाच!

"अंकल, आपकी नाक एकदम सही है," मेकॅनिक म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून, "मगर टंकी गले तक कौन भरवाता है?"

आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहायला लागलो. भिलाईतलं कुठलंही मराठी घर घ्या, महाराष्ट्रात पेट्रोल महाग म्हणून नागपूरला निघताना इथेच टाकी फुल्ल करणार. आणि बाबांचं फुल्ल म्हणजे, पंपाची नळी आपोआप बंद झाली की खाली उतरायचं, गाडी मागून गदागदा हलवायची, आतली हवा काढायची आणि तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत भरवायचं. पंपवाला हात जोडायचा. ते जास्तीचं पेट्रोल दर खेपेला या डब्यात उतरत होतं.

आळ मी माझ्यावर घेणार होतो. पण बाबाच छाती काढून पुढे झाले. "मैं भरवाता हूँ! हिला हिला के!" गुन्हा कबूल करताना इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. मग माझ्याकडे वळले. "आला होता ना बे मले वास?"

"आला होता, बाबा. माझंच चुकलं."

पद्धत मोडली. मी उगाच टायर पाहत बसलो.

नवा डबा बसवून घरी आलो. संध्याकाळी चहा झाला. मी पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. आई मुद्दाम ओट्यापासून बाजूला सरकली. बाबा उठले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, सिलिंडर हुंगला. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला.

"ओके," ते म्हणाले. मग मला हाक मारली, "ये बे इकडे. एकदा तू बी हुंगून घे."